आभारातलं नाव

गाव सोडलं त्या सकाळी वडील मला घेऊन आठ घरं फिरले. पहिलीला अक्षर गिरवून घेणाऱ्या बाई, दहावीला घरी बोलावून गणित शिकवणारे सर, कॉलेजच्या फॉर्मवर सही देणारे डॉक्टर. प्रत्येक दारात मी वाकायचं आणि वडिलांनी म्हणायचं, "पोरगं सिंगापूरला चाललंय, तुमच्यामुळं."

शेवटचं घर संस्थाचालकांचं. वडील त्यांच्या शाळेत तीस वर्षं शिपाई. मालकांनी आम्हाला ओट्यावर उभं ठेवून पेपर संपवला आणि वर न बघता म्हणाले, "तिकडं जाऊन आम्हाला विसरू नका म्हणजे झालं." याच माणसानं बारावीनंतर माझा शाळेचा दाखला महिनाभर अडवला होता, कारण वडिलांनी त्यांच्या घरच्या लग्नात पंगती वाढायला नकार दिला होता. वडिलांनी तरीही हात जोडले. एसटीत बसवताना मला म्हणाले, "ज्यानं घोटभर पाणी दिलं त्याचं नाव घ्यावं. चारचौघांत घ्यावं."

मी ते शब्दशः पाळलं, आणि एका बाईचं नुकसान करून बसलो.

तिला इथं नोक म्हणतो. ती थायलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यातली. चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तीही घरातली पहिली ग्रॅज्युएट. मी खोली शोधत होतो तेव्हा फोनवर माझं नाव ऐकताच घरमालक "नो इंडियन्स, नो कुकिंग" म्हणून फोन आपटायचे. नोकनं दोन रविवार घालवून तिच्या नावानं फोन लावले आणि मला यिशुन भागात खोली मिळवून दिली. या शहराची स्वच्छता, शिस्त, वेळेवर येणारी एमआरटी रेल्वे यांचं कौतुक मी गावाकडं फोनवर पुष्कळ केलं. ते फोन आपटणं मात्र कधी सांगितलं नाही.

२०१७च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या एका चौकातली पितळी पाटी नाहीशी झाली. १९३२ साली राजाची अनिर्बंध सत्ता संपली, देशाला घटना मिळाली, त्याची ती खूण रस्त्यात बसवलेली होती. तिच्या जागी राजनिष्ठेची नवी पाटी आली. जुनी कोणी उखडली याचा पत्ता नाही. उलट विचारायला गेलेल्यालाच लष्करानं धरून नेलं. तीन वर्षांपूर्वी त्याच लष्करानं निवडून आलेलं सरकार पाडून घटना मोडीत काढली होती. पहिल्यांदा नव्हे. तिथं उठाव आणि नव्या घटना इतक्या झाल्या आहेत की मोजताना मी दोनदा चुकलो. हे सगळं नोकनं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, आजूबाजूला बघत, हळू आवाजात.

मी शाळेत रोज प्रार्थनेनंतर संविधानाची उद्देशिका म्हणत वाढलो. माझ्या घरात बुद्धाशेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे. माझं रक्त तापलं. सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी थायलंडच्या राज्यघटनांवर लेख लिहिला.

संपादक पुण्याचे, महागड्या कॉन्डोत राहणारे, मंडळात सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, "अहो, तिथले राजे राम म्हणवतात स्वतःला, जुन्या राजधानीचं नाव अयोध्येवरून! ते लिहा ना. तुमची गाडी कुठूनही निघाली तरी घटनेवरच येऊन थांबते."

"तुमची म्हणजे कोणाची, दादा?" मी विचारलं. ते हसले आणि दुसऱ्या लेखाकडं वळले. मग मी ईर्षेनं एकही ओळ कापू दिली नाही.

लेखाच्या शेवटी आभार. आपल्याकडे प्रबंधात लिहितात तसे लिहिले: नोकचं पूर्ण नाव, गाव, आमचं डिपार्टमेंट, 'यांनी हा इतिहास उलगडून सांगितला'. मंडळानं अंक फेसबुकवर टाकला तेव्हा मी तिच्यासोबतचा फोटो लावून, इंग्रजीत तेच लिहून, तिला टॅग केलं. वडील वाचतील तर खूश होतील, असं वाटलं होतं.

तेव्हा थायलंडचे जुने राजे जाऊन वर्ष झालं होतं. नोक वर्षभर काळे कपडे घालत होती. पुढच्या आठवड्यात त्यांचा अंत्यविधी होता आणि तिचं तिकीट काढलेलं होतं. सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली. बसली नाही.

"काढ ते."

"काढतो. पण त्यात खोटं काय आहे?"

"राजे गेले तेव्हा मी रडले होते. माझा राग त्या जनरल लोकांवर आहे. तू मला राजाविरुद्ध उभं केलंस. माझ्या मावशीनं पाहिलं. अजून कोणी पाहिलं, सांग?"

"मराठी कोण वाचतंय तिथं?"

"माझं नाव वाचायला मराठी लागत नाही. तिकडं राजाच्या अपमानाचा कायदा आहे, नुसतं शेअर केलं म्हणून लोक तुरुंगात आहेत. तुला काय! तू लिहून मोठा झालास. मला तिथं घरी जायचं होतं."

मी सगळं काढलं. तिच्या वडिलांनी मात्र 'येऊ नकोस' असा निरोप धाडला आणि तिनं तिकीट रद्द केलं. राजांच्या अंत्यविधीला देवळात वाहायला तिच्या आईनं लाकडाच्या पातळ सालींची दोन फुलं केली होती, एक आपलं, एक नोकचं. एक वाहिलं, दुसरं घरात राहिलं. हे मला दुसऱ्याकडून कळलं, कारण नोक माझ्याशी पुन्हा बोलली नाही. महिन्याभरात तिनं जागा बदलून घेतली. मावशीशिवाय खरंच कोणी पाहिलं होतं का, ते आजही माहीत नाही. "बघा, मी म्हणत होतो," दादा म्हणाले. ती कोण, हे त्यांनी कधी विचारलंही नाही.

त्या राजवटीचा मला अजून संताप येतो. लांबून संतापणं सोपं असतं, हे आता कळतं.

हे लिहून झाल्यावर मी वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. ओट्यावरचा प्रसंग मी संस्थाचालकांच्या नावागावासकट लिहिला होता. वडिलांनी आधी एवढंच विचारलं,

"त्या पोरीचं नाव नाही घातलंस ना?"

"नाही, बाबा."

"मग मालकांचंही काढ. अन् गावाचंही."

"बाबा, तुम्ही रिटायर झालात. आता काय करणार ते?"

"तुला काय," वडील म्हणाले. "मला इथं राहायचंय."

मी दोन्ही नावं काढली. घर म्हणजे काय, असं इथं कोणी विचारलं तर मी आता मातीबितीचं बोलत नाही. कोणाचं नाव घ्यायचं नाही, हे जिथं अर्ध्या वाक्यात कळतं, ते माझं घर. बँकॉकची पाटी कोणी उखडली ते मी बेधडक विचारतो. माझा दाखला कोणी अडवला, ते नावानिशी लिहायची मात्र माझी छाती नाही.