फ्लॉपीला कुंकू नाही

बुधवार, सकाळचे नऊ वीस. सांगलीच्या श्रद्धा मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये विजयमाला शिंदे कोऱ्या फ्लॉपीवर मशीन सुरू करण्यापुरत्या फाइली चढवत होती. वर्ष १९९९, दसऱ्याचा दुसरा दिवस.

मलकापूरला घराच्या रस्त्याकडच्या खोलीत तिने स्वतःचा क्लास काढला होता. संगणक एकच, तोही जुना, हार्ड डिस्क कोरी. विंडोजची सीडी होती, पण ते मशीन सीडी आपणहून वाचत नव्हतं. आधी फ्लॉपीवरून ते सुरू करायचं, मग सीडी लावायची.

अशी फ्लॉपी तिने गेल्याच आठवड्यात इथून नेली होती. खंडेनवमीला सासऱ्यांनी ती पुजली. तात्याबा फौजेतले निवृत्त हवालदार. हत्यार उघडून, पुसून मग पुजायचं, ही त्यांची शिस्त. त्यांनी फ्लॉपीची पत्र्याची पट्टी सरकवली आणि जिच्यावर फाइली असतात त्या आतल्या तपकिरी चकतीवरच हळद-कुंकवाची बोटं ओढली. आज पहाटे विजयमालाने फ्लॉपी उचलली, तर कुंकू तिच्या पदरावर सांडलं.

"बंद हत्यार कुनी पुजतं व्हय?" तात्याबा म्हणाले. "आन् जमत नसंल तर दे सोडून. शेजारच्या सयाजीला खताच्या दुकानाला खोली पायजेच हाय. उद्या बॅच बसली न्हाई तर खोली त्याची."

"बॅच बसनार," ती म्हणाली आणि सांगलीची पहिली एसटी धरली.

"शनिवारी आमच्या क्लासचा अनीश येईल," श्रद्धा मॅडम म्हणाल्या. "तो करून देईल सगळं."

"शनवारी तिथं युरियाची पोती असत्याल, मॅडम. त्यानं काय पोत्यावर विंडोज टाकायचं?"

मॅडम हसल्या. "मग दोन ने. एखादी ऐनवेळी दगा देते."

विजयमालाने दोन केल्या, दोन्हींवरून तिथलं मशीन सुरू करून पाहिलं आणि दुपारी मलकापूर गाठलं. फ्लॉपी आत गेली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, सीडी फिरू लागली. तेवढ्यात तात्याबा पूजेचं ताट घेऊन दारात.

"दुसरी नवी हाय न्हवं? तिला लावू दे की. वरनंच लावतो."

"आवं मामंजी, ताट खाली ठेवा."

"अगं, जरासं..."

"मॉनिटरला लावा, टेबलाला लावा, लय वाटत असंल तर मला लावा. हिला न्हाई."

"सासऱ्याचं कोर्टमार्शल करतीस व्हय?"

"करते. बॅच बसूस्तर खोलीत यायचं न्हाई."

तात्याबा आत आले नाहीत. गेलेही नाहीत. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले.

पडद्यावरची पट्टी निम्मी भरली आणि वीज गेली.

"सयाजीला सांगू का?" बाहेरून आवाज आला.

"सांगा. फी घिऊन ये म्हनावं, शिकायला."

वीज आल्यावर तिने पहिल्यापासून सुरुवात केली. सहाच्या सुमारास विंडोज सुरू झालं. थोड्या वेळाने सयाजी खोलीचं माप घ्यायला आला, तेव्हा तात्याबा खुर्चीतून उठले नाहीत.

"खोली न्हाई रं गड्या," ते म्हणाले. "सूनबाई आत मला बी सोडंना झाल्यात."

उद्या गुरुवार. क्लास सकाळी साडेसहाला उघडतो. पहिली बॅच सातची.