बाजारतळावरची हॉकी

आमच्या शाळेला मैदान नव्हतं, पण बेल्ह्याला बैलबाजार होता. बाजाराचा दिवस सोडला तर तो सगळा तळ मोकळाच असायचा. खेळाच्या सरांनी पुण्याहून जुन्या स्टिका आणल्या आणि आम्हा मुलींना तिथं हॉकी शिकवली. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मुलींनी कबड्डी, खो-खो खेळावं इथपर्यंत गावाची तयारी होती. काठी घेऊन पळायचं हे काही लोकांच्या पचनी पडत नव्हतं. सरावाआधी आम्ही शेण उचलायचो, खुंट्यांचे खड्डे बुजवायचो आणि मग खेळायचो. तरी चेंडू कुठं उसळेल याचा नेम नसायचा. बाजारतळावर खेळलेली मुलगी सपाट मैदानावर गेली की वाघीण होते, असं सर म्हणायचे. सरांना वाढवून बोलायची सवय होती.

मी अकरावीत होते. पावसाळ्यात चिखलात उमटलेले बैलांच्या खुरांचे ठसे पुढं उन्हानं कडक वाळले होते. अशाच एका खड्ड्यात माझा उजवा पाय अडकला. अंग वळलं, गुडघा वळला नाही. आत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या संघात दुखणं सांगायची पद्धतच नव्हती. माझी एक मैत्रीण लेफ्ट हाफ खेळायची. तिचा गुडघा पळता पळता अडकायचा. ती खाली बसून त्याला हिसका द्यायची आणि पुन्हा पळायची. गोलकीपर दोन्ही गुडघ्यांना वडलांच्या जुन्या फेट्याच्या पट्ट्या गुंडाळायची. हळद-तेल चोळायचं, दातांवर दात आवळायचे आणि कुणी विचारलंच तर 'शाळेत पडले' म्हणायचं. दुखतंय म्हटलं की घरचे खेळ बंद करणार, याची आम्हाला पक्की खात्री. दिवाळीनंतर विभागीय सामने होते आणि मला त्यात सेंटर फॉरवर्ड खेळायचं होतं. दुसरं काही मला तेव्हा हवंच नव्हतं.

पण माझे वडील, म्हणजे अण्णा, त्याच बैलबाजारातले दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभं राहून सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा. लंगडा बैल खपवायच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ होत्या. मालक तसला बैल मऊ मातीतनं चालवतो आणि सारखा फिरता ठेवतो, म्हणजे पाय आखडत नाही. मी घरात नेमकं तेच करत होते. फरशी टाळून परसातल्या भुसभुशीत मातीतनं जायचे, एका जागी फार वेळ बसायचे नाही. आपण लई हुशार, असं मला वाटत होतं. थोडे दिवस अण्णांनी माझं चालणं पाहिलं. मग एका सकाळी म्हणाले, "त्या फरशीवरनं जरा लिंबापत्तुर जाऊन ये."

मी गेले, आले.

"पुन्यांदा. सावकाश."

सावकाश चालताना सोंग वठत नाही. मी परत आले तेव्हा ते तंबाखू मळत होते. "मलाच बैल विकती व्हय गं?" एवढंच म्हणाले.

मग आम्ही पुण्याला हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी गुडघा पुढंमागं ओढून पाहिला आणि लिगामेंट तुटलंय म्हणाले. "म्हंजी कासरा तुटला," अण्णा म्हणाले. डॉक्टर हसले आणि तसंच समजा म्हणाले. आता ऑपरेशन केलं तर मुलगी पुढच्या वर्षी खेळू शकेल. तशीच खेळत राहिली तर आतली गादी फाटेल; मग हॉकी राहिली बाजूला, मांडी घालून बसायचीसुद्धा मारामार होईल.

मी तिथंच रडायला लागले. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि डॉक्टरांशी सौदा सुरू केला. बाजारात सौदा रुमालाखाली बोटं दाबून चालतो; इथं रुमाल नव्हता, एवढाच फरक. डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात. अण्णा म्हणाले, दिवाळी होऊ द्या. डॉक्टर म्हणाले, एकही सामना नाही. अण्णा म्हणाले, "तेवढं विभागीय हुंद्या. पोरीनं वरीसभर शेण उचललंय. संपलं की दुसऱ्या दिशी हितं आणून हुबी करतो. शब्द." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. जोखीम तुमची, असं पुन्हा पुन्हा बजावून त्यांनी गुडघ्याचा पट्टा लिहून दिला. अण्णांनी त्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. परतताना एसटी पेठला चहाला थांबली, तेव्हा मी माझ्या वाटचा वडाही अण्णांना खायला लावला. असा बाप जगात दुसरा नाही, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

विभागीय सामने आम्ही जिंकलो. पट्टा घट्ट आवळूनही गुडघा मध्ये मध्ये निसटत होता. तो निसटला की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि मी बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचे. तरी शेवटच्या सामन्यातला गोल माझाच होता. आणि आता महिनाभरात राज्य स्पर्धा होती.

सर पेढे घेऊन घरी आले. म्हणाले, महिन्याचा तर प्रश्न आहे, ऑपरेशन काय कुठं पळून जातंय? आईसुद्धा सरांच्या बाजूनं झाली. अण्णांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "उद्या पुण्याला जायाचं ठरलंय."

सर गेल्यावर मी भांडायला उठले. तोंडाला हाड नव्हतंच माझ्या. "शब्द तुमी दिला, मी न्हाई दिला. पाय माझा हाय, खेळ माझा हाय. डॉक्टर मोठा आन घरातली पोर बारकी व्हय?"

अण्णा चिडतील असं वाटलं होतं. ते ओट्यावर बसले. "शब्दाचं जाऊ दे," ते म्हणाले. "डॉक्टर काय माझ्या बाजारात यायाचा न्हाई. शब्द मोडता यील." मग ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. "पाय गेलेला बैल खाटकाशिवाय कोण घेत न्हाई. रोज बघतो मी. तू तिकडं खेळाया गेलीस, आन मी दिवसभर बाजारात नुसता हुबा. येक सौदा जुळला न्हाई माझ्याच्यानं. मला लई भ्या वाटलं, बाय. पुन्यांदा न्हाई जमायचं मला."

शिंगं रोखलेल्या बैलापुढनं अण्णा विडी ओढत जायचे. त्यांना भीती वाटते, आणि ती माझ्यापायी वाटते, हे मला माहीतच नव्हतं. मला त्यांची माया आली आणि त्यांचा रागही आला. मी रात्री जेवले नाही. पण सकाळी एसटीत त्यांच्या शेजारी बसले.

राज्य स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला. मला वाईट वाटलं, आणि माझ्यावाचून हरला म्हणून थोडं बरंही वाटलं. मी काही संत नव्हते. लेफ्ट हाफ मैत्रिणीच्या गुडघ्यालाही डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलं, पण तिचं मात्र ते पुढं पुढं जात राहिलं. आधी राज्य स्पर्धा, मग परीक्षा, मग लग्न. शेवटी झालं तेव्हा तिची पोरं शाळेत जात होती. आता ती चांगली चालते, हॉकी तेवढी राहून गेली.

माझे ऑपरेशननंतरचे महिने घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलण्यात गेले. आधी पाय खाटेवरून हलायचाच नाही. मी चिडून पिशवी फेकून द्यायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "झाली का फेकून? मंग आता उचल." कुबड्या सुटल्या, चालणं आलं, मग बाजारतळाला पळत फेऱ्या घालणं आलं. बारावीच्या वर्षी डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली.

पहिला सामना बाजारतळावरच झाला, ओतूरच्या मुलींशी. अण्णा पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आले. ज्या जागी त्यांची सगळी हयात गेली होती, तिथं ते पाहुण्यासारखे अवघडून कडेला उभे होते. मी जपूनच खेळत होते. उत्तरार्धात चेंडू मोकळा मिळाला आणि जपायचं विसरून मी सुटले. गोल झाला. पोरींनी मला उचललं. सामना संपल्यावर मी धापा टाकत अण्णांकडं गेले.

"कसा मारला गोल?"

"गोल झाला व्हय?" ते म्हणाले.

"अण्णा, तुमच्या म्होरंच तर मारला."

"आसंल. मी तुझा पायच बघत व्हतो," अण्णा म्हणाले. "फुडचा सामना कवा हाय?"