कुनाला तू म्हणतो बे?

"धोकटी कुठंय?"

मला पाहिल्यावर अप्पा पहिलं हेच बोलला. राम राम नाही, ये-बस नाही. त्याच्या मळ्यात चिंचेखाली सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर माझे हायस्कुलातले वर्गमित्र पाय पसरून बसले होते. मधोमध लोडाला टेकून अप्पा, आमच्या गावचा देशमुख. शेजारी दिगंबर, आता बीडला वकिली करतो. त्याच्या पलीकडे करीम, कचेरीत साहेबापुढं कागद मांडणारा पेशकार झालेला. आणखी दोघं-तिघं. मी शेरवानी घालून, टोपी नीट बसवून गेलो होतो. सतरंजीच्या काठाशी एक पाय वर, एक खाली, असा थांबलो.

"कसली धोकटी?"

"कसली म्हंजे? वस्तऱ्याची. तुझ्या म्हाताऱ्याचा हात थरथरायलाय. म्हणून तर तुला बोलावलं. दाढ्या कोण करनार?"

मी मास्तर आहे. सिरसाळ्याच्या सरकारी शाळेत पोरांना शिकवतो. जातीनं वारीक. इतर ठिकाणी न्हावी म्हणतात, आमच्याकडे वारीक. माझ्या बापानं, आबानं, अप्पाच्या बापाची हजामत केली आणि आता अप्पाची करतो. सतरंजीवरच्या सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतंच की. त्या दिवशी तेवढं विसरायला झालं होतं.

निरोप आबाच्याच हाती आला होता. सरकारी शाळेच्या शुक्रवारच्या सुट्टीला घरी आलो तर म्हणाला, "अप्पासरकारनं सांगावा धाडलाय. मोमिनाबादच्या शाळंतले समदे जमायलेत. तुला बी बोलावलंय." मला इतका आनंद झाला की आईनं पुढ्यात ठेवलेली भाकर तशीच राहिली. शेरवानी उन्हात टाकली. जोडे पुसले. आबा दारात बसून म्हणाला, "धोकटी घिऊन जा."

मी हसलो. "आबा, जेवायला बोलावलंय. हजामतीला न्हाई."

आबा उठून आत गेला.

एवढा आनंद कशाचा, ते सांगायला पाहिजे. अंबाजोगाईला, म्हणजे सरकारी कागदावरच्या मोमिनाबादला, माझा मामा शाळेतल्या मास्तरांच्या दाढ्या करायचा. मला अक्षरांची ओढ आहे हे त्यानं एका मौलवीसाहेबांच्या कानावर घातलं आणि त्यांनी मला हायस्कुलात घेतलं. सरकारची भाषा उर्दू, म्हणून सगळं शिकणंही उर्दूत. आणि मौलवीसाहेबांचा एक नियम होता. वर्गात कुणी कुणाला 'तू' म्हणायचं नाही. पोरगा पाटलाचा असो, काझीचा असो, वारकाचा असो, त्याला 'आप'च म्हणायचं. चुकून 'तू' निघालं की छडी.

त्यामुळं असं व्हायचं, की ज्या अप्पाच्या घरी माझा बाप उंबऱ्याबाहेर बसायचा, तो अप्पा वर्गात मला म्हणायचा, "ज़रा अपनी किताब दीजिए." मी किताब द्यायचो. तो म्हणायचा, "शुक्रिया." घंटा झाली की आम्ही बाहेर यायचो आणि पायरीवरच मराठी सुरू व्हायची. "ए वारका, दप्तर घे." मी दप्तर घ्यायचो. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उद्या परत वर्ग भरणार होता. पुढं मास्तर झालो, लग्न झालं, पोरंबाळं झाली, तरी एखाद्या वाईट दिवशी मनात यायचं, की अप्पा देशमुखानं आपल्याला 'आप' म्हटलंय. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

तर त्या मळ्यात अप्पानं गड्याला आमच्या घरी पिटाळलं आणि तो धोकटी घेऊन आला. मी उघडली. वस्तऱ्याला ताजी धार लावलेली होती. आबानं सकाळीच लावून ठेवली असणार.

करीम म्हणाला, "शेरवानी उतार लीजिए. ख़राब हो जाएगी." फार काळजीनं म्हणाला. मी शेरवानी काढून चिंचेच्या फांदीला अडकवली, अप्पासमोर उकिडवा बसलो आणि त्याचा गाल भिजवला.

का बसलो? हे मला अजून नीट सांगता येत नाही. राग आला नव्हता. रडूही आलं नव्हतं. अंगातून सगळं निघून गेल्यासारखं झालं होतं. हाताला काम माहीत होतं, तो ते करत होता.

त्यांच्या आठवणी रंगात आल्या होत्या. कुणी कुणाच्या आमराईत घुसला, कोण परीक्षेला ताप आणून झोपला. "ए दिग्या!" "गप बे अप्प्या!" नुसतं अरे-तुरे. एकमेकांच्या पाठीवर थापा. माझ्याशीही अरे-तुरेच होतं. फरक एवढाच, की मी बोललो तर 'तुमी' म्हणत होतो. मधेच मलाही एक गंमत आठवली आणि मी म्हणालो, "तुमी नदीत पडला व्हता की हो, दिगंबरराव." माझ्याच वर्गातल्या पोराला मी राव लावला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

'तू' हा शब्द काही वाईट नाही. आईला आपण तू म्हणतो. देवाला म्हणतो. जिवाच्या मित्राला तर तू म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. पण तो दोन्हीकडून म्हणता यावा लागतो. हे मला अप्पाची हनुवटी वर धरलेली असताना कळलं.

मग कुणीतरी मौलवीसाहेबांचा विषय काढला. दिगंबर मांडीवर थाप मारून म्हणाला, "आरं, त्यांचं ते 'आप' आठवतंय का?"

अप्पा हसायला लागला. मी वस्तरा बाजूला घेतला, कापायला नको म्हणून. तो माझ्याकडं बघून छातीवर हात ठेवून, मान लववून म्हणाला, "तशरीफ रखिए, जनाब वारीकसाहब!"

सगळे फुटले. दिगंबरच्या डोळ्यांना पाणी आलं. एक जण तर सतरंजीवर आडवा झाला. दिगंबर दम घेत म्हणाला, "वारकाला आप! घरी सांगितलं व्हतं तर आमची म्हातारी तीन दिवस हसत व्हती."

मी जी गोष्ट इतकी वर्षं जिवापाड जपली, ती त्यांच्या घरी तेव्हापासून हसण्यावारी चालली होती. तेच शब्द, तोच वर्ग. त्यांना तो तमाशा आठवत होता आणि मला माझ्या आयुष्यातला मान. त्या क्षणीसुद्धा मला काही वाटलं नाही, खरंच सांगतो. बोट भाजल्यावर लगेच कळत नाही, तसं. मी अप्पाची दाढी पुरी केली, तोंडावर पाणी मारलं, पुसलं. अप्पानं गालावरून हात फिरवला. "हात चांगलाय बे तुझा. उगंच मास्तर झालास."

दिगंबर सरकून माझ्यासमोर बसला. "चल, आटप. मला पुन्हा आंघूळ करायची हाय."

मी वस्तरा पुसला, मिटला आणि धोकटीत ठेवला.

"दिगंबर," मी म्हणालो, "तुझी दाढी तू कर."

मी ओरडलो नाही. पोरांना पाढे सांगतो त्याच आवाजात बोललो. मोटेवरचा गडी बैल थांबवून बघायला लागला.

अप्पा उठला. "कुनाला तू म्हणतो बे?"

"वर्गातल्या सोबत्याला. तुला बी म्हणतो, अप्पा. तू माझा वर्गमित्र हाईस ना?"

त्यानं कानाखाली मारली. टोपी उडून पाचोळ्यात पडली.

करीम उठला. त्यानं टोपी उचलली, झटकली, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली आणि खालच्या आवाजात, अगदी अदबीनं म्हणाला, "अब आप जाइए."

मला हाकललं तेही 'आप' म्हणून. अप्पाला तो एक शब्द बोलला नाही. ज्या शब्दावर मी इतकी वर्षं काढली, तो आतून असा पोकळ होता. तो माझा नव्हताच. मौलवीसाहेबांच्या छडीचा होता. मी फांदीवरची शेरवानी घेतली, धोकटी काखेत मारली आणि घरी आलो.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आबा म्हणाला, "जा. पाय धर. म्हन, सरकार, चुकलं."

"न्हाई."

"सुगीचं धान्य बंद करत्याल ते. आन् तुझी नौकरी? साह्यबाच्या कानात सांगितलं मंग?"

"सांगू दे."

"त्याला तू म्हनून तुला काय घावलं रं?"

आबा भिंतीकडं तोंड करून बसला. त्याची मला फार कीव आली आणि राग त्याहून जास्त आला. धार त्यानं लावली होती. तो मला एका शब्दानं सांगू शकला असता, की पोरा, जाऊ नको. पण सांगणार कसा? त्याला त्यात सांगण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. त्याच्या लेखी मला खरोखरच बोलावलं होतं.

त्या सुगीला अप्पाच्या खळ्यावरून आबाला रिकामं परत यावं लागलं. त्याच्या पाठोपाठ आणखी काही घरांनी दुसऱ्या गावचा वारीक लावला. शाळा तपासणारे साहेब अचानक आले, मला उभं करून काय काय विचारून गेले. अप्पाचा माणूस येऊन सांगून गेला, की नुसतं एकदा चारचौघात 'सरकार' म्हण, सगळं पहिल्यासारखं होईल. आई रडली. बायको म्हणाली, "तुमचं तुमी ठरवा."

काल सिरसाळ्याचा बाजार होता. अप्पा घोड्यावरून आला. पेंडवाला उठला, शिंपी उठला, तराजू धरलेला वाणीसुद्धा उठला. राम राम सरकार, राम राम सरकार. मी शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. बसूनच राहिलो. घोडा अगदी समोर आला तेव्हा म्हणालो, "काय अप्पा, कवा आलास?"

अप्पानं माझ्याकडं बघितलं. त्याचा हात चाबकाकडं गेला आणि तिथंच राहिला. उत्तर न देता तो पुढं गेला.

नोकरी जाईल. आबाचं उरलंसुरलं कामही जाईल बहुतेक. मी सगळा विचार केला आहे. पुढच्या बाजारी तो येईल तेव्हा त्याला पुन्हा विचारणार आहे, आणि या खेपेला उभा राहून, मोठ्यानं.