चाकाला लाकूड कोणतं?

माझ्या वडिलांवर अन्याय झाला. गेल्या मंगळवारी, संध्याकाळी सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, डब्लिनच्या सिटीवेस्ट भागात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर. दोषी व्यक्ती अजून मोकाट आहे आणि दोन्ही वेळा पोटभर जेवते आहे.

आधी पार्श्वभूमी. (पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला पार्श्वभूमी दिल्याशिवाय साधं मीठसुद्धा मागता येत नाही!) बाबा मेळघाटातले निवृत्त वनपाल. तीन महिने माझ्याकडे राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी इथल्या हवेचा निकाल लावला: "हे काय पाणी हाय वं? धड पडत नाई, धड थांबत नाई." फिरणं बंद झालं. तेव्हा शेजारच्या नोरीनआजींनी त्यांना एक नाद लावला. अमेरिकेतल्या ऐतिहासिक जागांवरचे पार्क रेंजर इंटरनेटवरून माहिती सांगतात. तिकडे दुपार असते, इकडे संध्याकाळ. चहा घेऊन बसायचं आणि ऐकायचं. फुकट!

बाबांनी त्यातला एकच शब्द ऐकला. रेंजर!

आमच्याकडे वनखात्यात रेंजर म्हणजे वनपालाच्या डोक्यावरचा साहेब. तो आला की उभं राहायचं. विचारेल तेवढंच सांगायचं. त्याची जीप वळणाआड जाईपर्यंत बूड टेकायचं नाही. त्यामुळे पडद्यावर रुंद कडांची टोपी घातलेल्या रेंजरबाई आल्या आणि बाबा खुर्ची मागे सारून ताठ उभे राहिले.

"बाबा, बसा. त्यांना काही दिसत नाही."

"त्यायले दिसत नसन. मले तं दिसते ना!"

खरं तर कॅमेरा चालू होता. रेंजरबाईंना पूर्ण वेळ बाबांच्या स्वेटरचं तिसरं बटण दिसत होतं.

विषय होता समुद्रकाठचा एक विटांचा किल्ला. बाबांना इंग्रजी अर्धं कळतं. उरलेलं अर्धं ते चित्रावरून काढतात. पडद्यावर तोफगाडा आला आणि बाबा इतके पुढे वाकले, की बटणाच्या जागी एकदम टक्कल दिसायला लागलं.

"हे चाक पाय. समुद्राची खारी हवा, वरून एवढी मोठी तोफ, अन् तरी टिकलं. सागवान तं तिकडे होत नाई. मंग हे लाकूड कोनतं?"

"ओक?" शेजारी कप घेऊन बसलेल्या नोरीनआजी म्हणाल्या. त्यांना मराठीचा गंध नाही, पण बाबांचं बोट कुठे आहे ते त्यांना दिसत होतं.

"ओक नाई वाटत," बाबा म्हणाले. "रेषा पाय ना."

तेवढ्यात रेंजरबाई थांबल्या आणि म्हणाल्या, पुढे जाण्याआधी कोणाला काही विचारायचंय का?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मले इचारते?"

"सगळ्यांनाच विचारतायत बाबा."

"तीस वर्षं नोकरी केली. रेंजरसायेब इचारे, मी उत्तर देऊ. 'तुले काही इचारायचं हाय का?' असं कोनी नाई म्हटलं." त्यांनी स्वेटर खाली ओढून नीट केला. "लिही पोरी. चाकाले लाकूड कोनतं? बस."

तीन शब्द. शाळकरी पोरानंही टाइप केले असते. पण टाइप करायला बसले होते मी!

आता माझी बाजू. मी दिवसा ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते आणि उरलेल्या वेळात भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लुआसच्या ट्रामथांब्यावर वाटते. चाळीस मिनिटं झाली तरी त्या लाखो विटा कोणी थापल्या, कोणी भाजल्या, याबद्दल एक अक्षर नाही! माझं डोकं तापलं होतं. म्हटलं, बाबांचा प्रश्न जरा व्यापक करू.

केला. मथळा दिला: 'जाहीर निषेध!' खाली पार्श्वभूमी. त्याखाली तीन मागण्या. लाकडाचा मुद्दा परिशिष्टात घातला. चॅटच्या चौकटीत एवढं मावेना, म्हणून तुकडे करून पाठवलं. पाच गेले. सहाव्याला चौकट म्हणाली, आता पुरे. सहावा म्हणजे परिशिष्ट.

आणि सगळं गेलं बाबांच्या नावावर!

रेंजरबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. सगळं! "आयर्लंडहून मिस्टर वानखडे निषेध नोंदवतात..." आपलं नाव ऐकून बाबा आणखी ताठ झाले. वाचून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचे आभार. पुढचं चित्र त्याचंच आहे."

होतं. एक वीट होती आणि तिच्यावर बोटांचे ठसे. ज्यांना गुलाम करून राबवलं त्यांच्यापैकी कोणीतरी ओली वीट उचलताना उमटलेले. एक ठसा अगदी लहान होता. त्या अशा काही बोलल्या, की मी (मी!) गप्प बसले. बाबांनी पडद्याला हात जोडले.

मग वेळ संपली. जाता जाता रेंजरबाई म्हणाल्या, "मिस्टर वानखडे, लढा चालू ठेवा!" पडद्यावर लोकांनी पाठवलेले लाल बदाम उडाले.

"काय म्हनल्या वं? लाकूड सांगितलं?"

"बाबा, त्यांनी... तुमच्या लढ्याला शुभेच्छा दिल्या."

"माहा कोनता लढा?"

नोरीनआजींनी कप खाली ठेवला. "अगं, त्या माणसाला फक्त लाकूड विचारायचं होतं! मला कळलं, आणि मला तर तुमची भाषासुद्धा येत नाही!"

बाबा खाली बसले. रेंजरबाई आल्यापासून पहिल्यांदाच. "तीस वर्षांत एकदा रेंजरसायबानं इचारलं," ते म्हणाले, "अन् तू मोर्चा काढला."

मी ओरडणारी आहे, निर्दय नाही. त्याच संध्याकाळी रेंजरबाईंना ईमेल लिहून माफी मागितली आणि लाकूड विचारलं. (पार्श्वभूमीसकट.) दोन दिवसांत प्रेमळ उत्तर आलं: विटांवर वाचण्यासारख्या पुस्तकांची भलीमोठी यादी. लाकूड त्यांना माझ्या ईमेलमध्ये सापडलंच नसावं!

बाबा रविवारी परत जातायत. "नवीन पत्र टाकू का?" असं विचारलं तर म्हणाले, "तू नको." तेवढं म्हणून त्यांनी मला समोर बसवलं आणि छापायला एक मजकूर सांगितला. तो एवढाच होता: 'तोफगाड्याच्या चाकाचं लाकूड कोणास माहीत असल्यास कळवावे.' वरचं बाकी सगळं मी वाढवलंय.

तेव्हा वाचकहो, पाठिंबा नको, निषेध नको, मतही नको. फक्त झाडाचं नाव कळवा. रविवारच्या आत. आणि कृपा करून थेट बाबांनाच कळवा!