न उघडता मोटर लावायची कशी?

लोणखेड्यात पाण्याची मोटर जळाली की लोक ह्यांचंच दुकान विचारत येतात. ह्यांचं नाव हेमकांत. जळकी तार काढायची, नवी तार गुंडाळायची, वार्निश देऊन वाळवायची, की मोटर परत विहिरीत उतरायला तयार. पार कळसाडीचे शेतकरीसुद्धा थांबून राहतात, पण दुसऱ्याकडे जात नाहीत. कारण कोणी नवी कोरी मोटर आणली तरी हे ती आधी उघडतात. कंपनीचं वार्निश कुठे पातळ आहे, कुठली तार सैल आहे ते बघतात, नीट करतात आणि मगच पाण्यात सोडू देतात.

"न उघाडेल मोटर मी विहिरमां सोडत नही," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. ह्या सवयीवर आमचं घर चाललं, त्यामुळे मी कधी तिला नावं ठेवली नाहीत. आता ठेवते.

दोन वर्षांपूर्वी हे तांब्याची तार आणायला सुरतेला गेले होते. तिथे एका मैदानात रिमोटच्या गाड्यांची रेस चालली होती. हातभर लांब गाड्या, दिसायला अगदी रस्त्यावरच्या मोटारीसारख्या, बॅटरीवर चालणाऱ्या. आणि चालवणारी पोरंसोरं नव्हती, चांगली पोट सुटलेली माणसं होती. हे घरी आले ते तार विसरूनच आले.

तेव्हापासून घरात एकच विषय. गाडी कुठली घ्यायची? एका गाडीत चाकांपर्यंत जोर न्यायला रबरी पट्टा असतो, दुसरीत मधोमध दांडा असतो. पट्ट्याची गाडी गुळगुळीत पळते, पण खडा अडकला की संपलं. दांड्याची दणकट, पण जोर दिला की एका अंगाला ओढते. हे मला कसं माहीत? जेवताना दुसरं काही कानावर पडलंच नाही ना. सकाळी पट्टा ठरायचा, संध्याकाळी दांडा.

"घ्या हो एकदाची कुठलीतरी," मी म्हणायची.

"कुठलीतरी घेतली तर कुठलीतरीच पळेल," हे म्हणायचे आणि परत मोबाइल उघडायचे.

सासूबाईंना, म्हणजे शोभाबाईंना, हे मुळीच पटत नव्हतं. "आरे हेमकांत, मिशा पिकी गयात तुन्ह्या! आते खेळनी गाडी लेस का? लोके काय म्हनतीन?"

"माय, ती खेळनी नही शे. रेसनी शे."

"रेस दखनी ते सारंगखेडाले जाय. दत्तना पाया पड, घोडा बी दखी ले."

शेवटी पट्ट्याची गाडी आली. मग मोटरीवरून सुरू झालं. दुकानात भिला आबा बसलेले असायचे. ते ह्यांचे जुने गिऱ्हाईक, पन्नास प्रश्न विचारणारे. त्यांचं म्हणणं, सगळ्यांत मोठी मोटर घे. आमच्याकडे विहिरीला पाच हॉर्सपॉवरची पुरत असली तरी माणूस साडेसातचीच घेतो, तसं.

"आबा, आठे उलटं शे," हे समजावत होते. "जितला तारना वेढा कमी, तितली गाडी जोरमां. पन वळनवर तीच गाडी भिंतमां जास."

"मंग भिंत कसाले बांधी त्यास्नी?" आबा म्हणाले. ह्यांना हसू आवरेना.

सुरतेच्या क्लबात दोन रेसा होत्या. एकीत कुठलीही मोटर चालायची. दुसरी नवख्यांची, तिच्यात सगळ्यांना एकसारखी, जास्त वेढ्यांची, सावकाश मोटर. ती क्लबच सील लावून पाठवणार. ह्यांनी दुसरी निवडली. मला ते आवडलं. मी विचारलंही, एवढा जीव का टाकताय? तर म्हणाले, "जन्मभर लोकांच्या मोटरा चालू करून दिल्या. एक तरी आपली म्हणून पळवायची आहे. नंबर नाही आला तरी चालेल." ह्यांनी कधी कशात भाग घेतलेला नाही, शाळेच्या पळापळीतसुद्धा नाही. म्हणून मीही दर गुरुवारी दत्ताला तेवढंच मागत होते, ह्यांची गाडी एकदा मैदानात उतरू दे.

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा संपली आणि पुढच्या रविवारी रेस होती. नंदुरबारहून रेल्वे धरून आम्ही दोघं सुरतेला पोहोचलो. निघताना मी त्या एवढ्याशा गाडीला हळदकुंकू लावलं होतं. सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या, पण नारळ त्यांनीच काढून दिला.

रेसच्या आधी गाड्या तपासतात. नवनीतभाई नावाचे गृहस्थ टेबलामागे बसले होते. त्यांनी आमची गाडी हातात घेतली, पट्टा बघितला, कौतुक केलं. मग मोटर उलटी केली.

"भाई, इसका सील किसने तोड़ा?"

"मैंने," हे एकदम सरळ म्हणाले. "अंदर वार्निश कम था. ठीक करके दिया."

मला वाटलं जमीन फाटावी. नवनीतभाईंनी शांतपणे सांगितलं की सील तुटलेली मोटर ह्या रेसमध्ये चालत नाही, नियमात लिहिलंय. हे म्हणाले, वाचलंय की! सील तोडलं तर गॅरंटी जाते. मी कुठे कोणाकडे गॅरंटी मागतोय?

पंपाच्या मोटरीचं तसंच असतं. सील तोडलं, गॅरंटी गेली, विषय संपला. इथे सील म्हणजे इमान होतं, हे ह्यांच्या डोक्यात आलंच नाही. मागे रांगेतला एक जण हळूच म्हणाला, "चोरी पकडाई गई." हे वळले. मी बाही धरली.

नवनीतभाई भले माणूस. त्यांनी मोटर उघडून बघितली, तारेला हात लागलेला नाही हे त्यांनाही दिसलं. पण नियम तो नियम. तरी त्यांनी सोय केली. एकाची गाडी सकाळी सरावात मोडली होती, त्याची सीलबंद मोटर तो द्यायला तयार होता. पंधरा मिनिटांत बसवा आणि उतरा.

मी मनातल्या मनात दत्ताला हात जोडले. ह्यांनी ती मोटर कानाशी नेऊन हाताने फिरवली. परत फिरवली. आणि टेबलावर ठेवली.

"आत काय आहे ते मला माहीत नाही," म्हणाले. "मी नाही लावत."

"अहो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे!"

"जळाली तर त्या माणसाची जळेल. आणि पळाली तर ती माझी थोडीच?"

"चोर म्हणाले ते चालतं तुम्हाला?"

ह्यांनी पेटीत गाडी ठेवली, बक्कल लावलं आणि लोकांच्या गाड्या बघत उभे राहिले. वळणावर कोणी चुकला की ह्यांचा अंगठा आपोआप हलायचा. ते मला बघवेना, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने लांब गेले आणि तिथे एकटीच बडबडले, दत्ताशीच. हे तुझ्या दारात मागितलं होतं का मी? मैदानापर्यंत आणलंस आणि दारातच उभं केलंस. पण खरं बोलायचं तर त्याने मोटरही दिली होती. नको म्हणणारे हे.

परतीच्या रेल्वेत नवापूर आलं. मग हे आपणहून म्हणाले, "होळीनंतर परत रेस आहे. नवी मोटर मागवू."

"मागवा. पार्सल मी घेणार आणि कपाटात कुलूप लावून ठेवणार. सुरतेतच काढायची."

ह्यांनी गाडीची पेटी मांडीवर घेतली. "बरं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पण वार्निश पातळ असलं तर?"

मी डोळे मिटून घेतले.