मधले नाव

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येत असे, आणि मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी करत होते. एम.ए. होऊन वीस वर्षे घरात गेल्यावर वाळूजच्या एका कारखान्याने मला कार्मिक विभागात घेतले, ते माझे इंग्रजी नीटनेटके होते म्हणून. परदेशी तंत्रज्ञांची कागदपत्रे माझ्याकडे असत. तंत्रज्ञ एकच होते, नव्या यंत्रांसाठी आलेले एक फिलिपिनो गृहस्थ. मी रुजू झाले त्याच आठवड्यात ते आले होते. बायपासपलीकडच्या नव्या वसाहतीत ते राहत. तिथे इमारती सहा मजले चढल्या होत्या, नळ मात्र अजून पोचायचा होता.

वर्ष संपत आले तेव्हा कंपनीने त्यांची बदली दुसऱ्या देशातील आपल्याच कारखान्यात केली. बदली कंपनीतल्या कंपनीत असली, तरी त्यांच्या सरकारच्या नियमाप्रमाणे आधी मायदेशी जाऊन परदेशी कामाचा परवाना घ्यावा लागणार होता. नव्या जागी रुजू होण्याची तारीख पक्की होती. प्रवास आणि परवाना यांचे दिवस वजा जाता आईजवळ राहायला पाच दिवस उरत. आई दूरच्या एका बेटावर. खिशातल्या छोट्या कॅलेंडरवर त्या पाच दिवसांभोवती त्यांनी निळी वर्तुळे काढली होती.

इथून निघण्याआधी पोलिसांच्या परदेशी नागरिक कक्षातली त्यांची नोंद बंद करायची होती. तिथल्या हवालदारांनी माझा वर्षापूर्वीचा अर्ज आणि नव्या देशासाठी मागवलेला जन्मदाखला शेजारी-शेजारी ठेवला.

“मॅडम, ह्यांना वडील दोन हायत का?”

मागच्या बाकावर कोणीतरी हसले.

“अर्जात एक नाव, दाखल्यात दुसरंच. असं कसं व्हईल?”

अर्ज मीच भरला होता. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. त्या सवयीने त्यांच्या नावातले मधले नाव मी वडिलांच्या रकान्यात लिहिले होते, आणि त्यांनी विश्वासाने सही केली होती. बाहेर निंबाच्या सावलीत ते हळू आवाजात म्हणाले, “मॅम, ते माझ्या आईचं माहेरचं आडनाव. आमच्यात मधे आई असते.”

कंपनीचे लेखी स्पष्टीकरण आणि त्यावर वरच्या साहेबांची सही, एवढे लागणार होते. “पर साहेब टँकरच्या बंदोबस्तावर हायत पैठणकडं,” हवालदार म्हणाले. “तीन-चार दिवस धरा.”

आमच्या मॅनेजरांनी सगळे ऐकून घेतले. “लिहा, माहिती त्यानंच चुकीची दिली. तो तर चाललाच आहे. तुम्हाला कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर आहे, बाई. कशाला अंगावर घेता?”

ते माझ्या भल्याचेच सांगत होते. ‘तसे लिहिले तर त्यांची चौकशी लागेल आणि ते इथेच अडकतील’ हे वाक्य मी मनात नीट जुळवले. तोंडातून “बरं सर” एवढेच आले.

मॅनेजरांच्या सांगण्याप्रमाणे मी मसुदा केलाही, आणि तो अगदी मुद्देसूद उतरला. समोरच्या खुर्चीत ते गृहस्थ कॅलेंडर हातात धरून बसले होते. मी मसुदा पुसला आणि दुसरा लिहिला: अर्ज मी भरला, मधले नाव वडिलांचे समजले, अर्जदाराचा दोष नाही. तो मॅनेजरांच्या पुढे ठेवून मी उभी राहिले.

“तोंडानं नाही म्हणता येत नाही, आणि कागदावर येतं होय?” त्यांनी सही केली. “मग तुमचं पत्र सहा महिने पुढं गेलं, समजा.”

पुढचे दिवस कक्षाच्या बाकावर गेले. तिसऱ्या दिवशी आमच्या नळाची पाळी होती, ती चुकली. संध्याकाळी सासूबाई रिकाम्या पिंपाकडे बघत म्हणाल्या, “उद्या तुझ्या त्या फिलिपाइनवाल्यालाच दे हंडा. आणील भरून.” त्यांचे गुडघे दुखत असूनही त्यांनी दोन कळशा भरून ठेवल्या होत्या. पिण्यासाठी त्यावरच आम्ही आठवडा काढला.

चौथ्या दिवशी दुपारी साहेब आले, बूट धुळीने पांढरे झालेले. उभ्या-उभ्याच त्यांनी कागद वाचला आणि सही केली. मिनिटभरही लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गृहस्थांना कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचवायला गेले. त्यांनी कॅलेंडर काढून दाखवले. चार वर्तुळांवर काट मारलेली, एक शिल्लक.

“आईला कळवलंय,” ते म्हणाले, “की इथं दुष्काळ आहे, म्हणून उशीर झाला.”

हे अर्धे खरेही होते. माझी चूक त्यांनी आपल्या आईपासून लपवली, हे मला थोडे उशिरा उमगले. क्षमेचे एक बरेसे वाक्य मी जुळवू लागले. ते पुरते जुळायच्या आत गाडी फाटकाबाहेर गेली होती.