नवरात्रातली कॅप्सूल

माझी गोळी बदलायचं ठरलं तेव्हा पितृपक्ष चालू होता. मालक गेल्यानंतर मी जेवण सोडलं होतं, बोलणंही सोडलं होतं. तेव्हा मुलाने मला सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून ही मनाची गोळी सुरू झाली. तिला आता अडीच वर्षं झाली होती. सुरुवातीला तिने मला उठवून बसवलं, हे खरं आहे. पण पुढे पुढे ती मला नुसती झोपवायला लागली. दुपारी नातीला कुशीत घेऊन पडले की मला शुद्ध राहायची नाही. एकदा ती उठून, कडी काढून शेजारी जाऊन बसली, तरी मला पत्ता नव्हता. शेजारणीनेच तिला आणून सोडलं. ते मी फक्त मुलाला सांगितलं, सुनेला नाही.

मी गोळी घेते हेही सुनेला माहीत नव्हतं. मुलगाच म्हणाला होता, "तिला सांगू नकोस इतक्यात. ती असल्या गोष्टींना घाबरते. पोरगी तुझ्याकडे ठेवणार नाही." म्हणून गोळ्या पत्र्याच्या डब्यात, सुईदोऱ्याच्या खाली असायच्या. नात साडेचार वर्षांची होती. शाळा साडेबाराला सुटायची. तिला आणायचं, भरवायचं, निजवायचं आणि सून ऑफिसातून येईपर्यंत सांभाळायचं. घरात मला तेवढंच एक काम होतं. ते गेलं तर मी दिवसभर कुणासाठी उठू, असं मला वाटायचं.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी सावकाश समजावलं. "आजी, जुनी गोळी दहा दिवस अर्धी घ्यायची. अकराव्या दिवशी जुनी बंद आणि नवी कॅप्सूल चालू. मध्ये खंड पाडायचा नाही. काही वाटलं तर फोन करा." कागदावर नंबरही लिहून दिला. मी चौथी शिकलेली, कागद इंग्रजीत होता, पण आकडे मला कळतात. दहा दिवस मी विळीवर गोळीचे दोन तुकडे करून बरोबर अर्धी घेतली. एकही दिवस चुकले नाही.

अकरावा दिवस घटस्थापनेचा निघाला.

लग्न झाल्यापासून मी नवरात्राचे नऊही दिवस उपास करते. पायात चप्पल घालत नाही. आमच्याकडे एरवी आठवड्यातून चारदा मासे असतात, पण घट बसले की घरात कांदासुद्धा चिरत नाही. सकाळी माती चाळून धान्य पेरलं, पहिली माळ चढवली, अखंड दिवा लावला. चहा घेऊन कॅप्सूल घ्यायची म्हणून ती ओट्यावर काढूनही ठेवली होती. तेवढ्यात शेजारची गुजराती बाई घट बघायला आली. मी कॅप्सूल पटकन पदराखाली घेतली. ती आपल्या गुडघ्याचं सांगत बसली.

"मेरे को डॉक्टर ने कॅप्सूल दिया था, मैंने वापस कर दिया. बोली, टिकिया दो. मालूम है बेन, वो खोल किससे बनता है? जानवर की हड्डी उबाल के. और ऊपर से ये माताजी के दिन!"

मी मान हलवली. ती गेल्यावर मूठ उघडून बघितलं. घामाने खोळ थोडी मऊ होऊन हाताला चिकटली होती. समोर दिवा तेवत होता. मला ती तोंडात घालवेना. कॅप्सूल टाकून दिली, हात दोनदा धुतले आणि बाकीची पाकिटं डब्यात ठेवली. म्हटलं, नऊ दिवसांचाच तर प्रश्न आहे. दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली की चालू करू. तोवर देवी बघेल.

फोन करायचं मनात आलं होतं. पण त्या एवढ्या शिकलेल्या बाईला काय विचारायचं, की तुमच्या औषधात हाड आहे का म्हणून? त्या हसतील असं वाटलं. माझं तसंच आहे. दुकानात वजन कमी भरलं तरी मला बोलता येत नाही.

तिसऱ्या माळेपर्यंत काही वाटलं नाही. उलट अंग हलकं वाटत होतं, मी मनात म्हटलं, उपासाचाच गुण. चौथ्या माळेला मान वळवली की डोक्यात वीज गेल्यासारखं व्हायला लागलं. झट्ट करून यायचं आणि जायचं. डोळे एका जागी आणि डोकं दुसऱ्या जागी. मळमळायचं. साबुदाणा भिजवताना रडू यायचं आणि कशाचं ते कळायचं नाही. सून म्हणाली, "आई, एवढे कडक उपास करू नका. चक्कर येत असेल." मी म्हटलं, "दरवर्षीचंच आहे ते." नात फेर धरून "आज्जी, गरबा कर ना" म्हणाली. मी एक गिरकी घेतली आणि भिंतीला धरून खाली बसले. ती टाळ्या वाजवायला लागली. तिला वाटलं तोही खेळच आहे.

सहाव्या माळेला बारा वाजता मी तिला आणायला निघाले. अनवाणीच. खारी गावातून जाणारा रस्ता तापला होता. चालता चालता डोक्यात एकामागून एक तसे झटके यायला लागले. रिक्षांचे हॉर्न लांबून पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते. मी एका भाजीवालीच्या टोपलीशेजारी बसकण मारली. ती गावातलीच बाई होती. तिने माझ्या तोंडावर पाणी मारलं.

"बाय, उपाशी हाय का तू? पानी पी. कुठं जायाचं हाय तुला?"

मी म्हणाले, "घरी."

हे मी पुष्कळदा आठवून बघितलंय. नात शाळेत आहे हे मी विसरले होते का? विसरले नव्हते, असंच मला वाटतं. ती कुठेतरी मागे होतीच. पण त्या वेळी मला फक्त आडवं व्हायचं होतं आणि तोंडातून तेच आलं. भाजीवालीने रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला दम दिला, "नीट घाल घरात, म्हातारी हाय." मी घरी आले, दार लावलं, दिव्यात तेल घातलं. तेल घालायचं मला आठवलं. मग भिंतीकडे तोंड करून निजले. फोन पिशवीत वाजत होता. तो आवाज मला ऐकू येत होता.

सून अंधेरीहून आली तेव्हा अडीच वाजून गेले होते. शाळेने तिला कळवलं होतं. मुलगा शिफ्टला होता, त्याचा फोन लॉकरमध्ये. नात दोन तास शाळेतल्या मावशींजवळ बसून होती. तिने युनिफॉर्ममध्येच शू केली होती. मावशींनी कुणाची तरी मोठी चड्डी तिला घातली होती, ती दोन्ही हातांनी धरून ती दारात उभी राहिली. माझ्याजवळ आली नाही.

सुनेने आधी मला हात लावून बघितलं, जिवंत आहे ना म्हणून. मग तिचा आवाज चढला. "फोन का नाही उचललात? काय होतंय तुम्हाला? काहीतरी बोला!"

मी उठून डबा आणला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने सुईदोरे बाजूला केले. जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, नव्या कॅप्सूलची भरलेली. तिने ती वाचली, मोबाईलवर काहीतरी बघितलं.

"किती दिवस घेताय?"

"अडीच वर्षं."

"आणि ह्या? ह्यांतली एक सोडून सगळ्या तशाच आहेत."

मी खोळीचं सांगितलं. तिने पाकिटं परत डब्यात ठेवली. मग म्हणाली, "आई, गोळ्या घेता म्हणून मी चिडले नसते. सांगितलं असतंत तर मीच हातात आणून दिल्या असत्या." ती रडायला लागली. नात तिच्याकडे बघून रडायला लागली. मला मात्र त्या वेळी रडू आलं नाही.

संध्याकाळी मुलगा आला. तो तिच्यावर ओरडला, ती त्याच्यावर. "तुला माहीत होतं! माझी पोरगी तिथे बसली होती आणि तुला माहीत होतं!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढं देवीचं केलंस, तर देवी गेली होती का गं तिला आणायला?" बोलला आणि लगेच माझ्या पायाशी बसला. मला त्याचा राग आला नाही. बरोबर विचारलं त्याने.

दुसऱ्या दिवशी सून रजा काढून मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, हेच औषध साध्या गोळीतपण मिळतं. तुम्ही विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे बदलून दिलं असतं." नवा कागद लिहायला त्यांना मिनिटभरसुद्धा लागलं नाही. जुनी गोळी पुन्हा अर्धी, नवीन बारक्या मात्रेत, पंधरा दिवसांनी परत दाखवायचं. बाहेर बाकावर सुनेने बाटलीतलं पाणी दिलं आणि मी गोळी गिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहिली. सातवी माळ त्या वर्षी मी चढवली नाही. मुलाने चढवली, ती वाकडी बसली.

झटके दिवाळीपर्यंत कमी झाले. नवी गोळी हळूहळू लागू पडली. आता दुपारी मला झोप येत नाही. दुपारी पूर्ण जागी असते आणि घर रिकामं असतं. नात शाळेतून परस्पर जेसल पार्कला एका बाईंच्या पाळणाघरात जाते. सुनेने ते दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरवलं. मला न विचारता नाही. समोर बसून विचारलं, आणि मी हो म्हणाले.

मार्गशीर्षात मी एकदा धीर केला. सून भाजी निवडत होती. "आता मला बरं आहे," मी म्हणाले. "तिला आणायला मी जाऊ का?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "आई, मला अजून भीती वाटते हो. तुमचा राग नाहीये."

"मलापण वाटते," मी म्हणाले.

मग तिने शनिवारी मला बरोबर नेलं. त्या दिवशी तिचं ऑफिस अर्धा दिवस असतं. ती रिक्षावाल्याशी बोलत मागे राहिली म्हणून मी एकटीच दारापर्यंत गेले. नातीने मला बघितलं आणि पाठीवर दप्तर घेऊन धावत आली. पाळणाघरवाल्या बाईंनी तिला उंबऱ्याच्या आत खांद्याला धरून थांबवलं. बाई बोलायला चांगल्या होत्या. "राग मानू नका हं आजी, ज्यांची नावं दिलीत त्यांच्याच हातात सोडते मी. तुमचं नाव नाहीये."

"येतेय तिची आई," मी म्हणाले, आणि त्यांना रस्ता दिसावा म्हणून दारातून बाजूला झाले.